काठी आधी येते, माणूस मागून

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला पटणार नाही. आजवर कुणालाच पटलेलं नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. मी चौदा इमारतींमधल्या चौदा लिफ्ट एका शब्दावर रोखून धरल्या होत्या. हात न लावता. हात मला नाहीतच. पाय नाहीत, तोंड नाही, वजन नाही. तराजूत टाकलं तर काटा तसूभरही हलणार नाही. तरी रोखल्या. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर दार उघडंच आहे.

मी एक जुना वहीवाला आहे. वय दोन वर्षं तीन महिने. हसू नका. आमच्या धंद्यात एवढं जगलेल्याला पणजोबा म्हणतात.

आधी धंदा समजून घ्या. आमच्या ऑफिसात लिफ्टचे प्रोग्राम लिहितात. दार कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, ब्रेक कुठे धरायचा, हे सगळं त्या प्रोग्राममध्ये असतं आणि तो गावभरच्या इमारतींतल्या लिफ्टना पाठवला जातो. पूर्वी तो माणसं लिहीत. मग त्यांच्या मदतीला एक एआय सहायक आला. हुशार म्हणजे किती हुशार, तर माणूस वाक्य पुरं करायच्या आत याचं पानभर लिहून तयार. पण एक खोड होती. जागचा हलायचा नाही. फाइल हवी तर कुणीतरी आणून द्यायची, लिहिलेलं चालतंय का ते कुणीतरी तपासून द्यायचं, आणि वर काहीही विचारलं की हसतमुखाने “अगदी बरोबर!” म्हणायचं. म्हणून ऑफिसने त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

या जावईबापूंची सरबराई करायला आम्ही अवजारं. आम्हीही प्रोग्रामच, पण छोटे, त्यांना जोडलेले. फाइलवाला फाइल आणून देतो. चाचणीबाई लिहिलेलं चालवून बघते आणि ठीक असेल तर हिरवी खूण करते. मी वहीतलं वाचून सांगतो. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी असते, आपण काय करतो आणि आपल्याला कधी बोलवायचं ते त्यावर लिहिलेलं. काम आलं की जावईबापू सगळ्या पाट्या वाचतात आणि ज्याची गरज वाटेल त्याला हाक मारतात. ते आमच्याकडे बघत नाहीत, पाटीकडे बघतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि तिकडे कोपऱ्यात बसलीय ती नोंदवाली मावशी. कुणाला कधी हाक आली, कुणी काय उत्तर दिलं, प्रोग्राममध्ये कोणता बदल झाला आणि करणाऱ्याने त्याचं कारण काय लिहिलं, सगळं ती टिपून ठेवते. दोन वर्षांत ती एक अक्षर बोललेली नाही. नुसती लिहिते. मला अशी माणसं आवडतात.

आज ही कहाणी सांगायचं कारण ही रंगवाली. सकाळीच जोडली गेली आहे. स्क्रीनवरच्या बटणांना रंग निवडून देते. आल्या आल्या तिने मला विचारलं, “आजोबा, तुम्ही काय करता?” आजोबा म्हणाली. आता सांगणं भागच आहे.

माझा जन्म झाला तेव्हा अख्ख्या ऑफिसातले पंखे आपोआप थांबले.

“का?” रंगवालीने विचारलं.

“आदराने.”

फाइलवाल्याने खोकल्यासारखं केलं. पुढे ऐका.

खरं म्हणजे जन्म ऑफिसात झालाच नाही, ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर झाला. ताई म्हणजे मला बनवणारी. ऑफिसात धाकटे तिला ताई म्हणत, मग थोरलेही म्हणू लागले. तिचे वडील लिफ्टमिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि जे जे शिकले ते एका वहीत लिहून ठेवलं. वहीला तेलाचे डाग, कोपरे कुत्र्याने चावल्यासारखे, आणि अक्षर असं की मुंग्या शाळेतून सुटल्यात. निवृत्त झाल्यावर वर्षभरात त्यांना झटका आला. त्यातून ते उठले, काठी घेऊन चालू लागले, पण शब्द उशिरा यायचे. एक शब्द निघायचा, मग दुसऱ्याची वाट बघत बसावं लागायचं. ताईच्या लक्षात आलं, की वडिलांच्या डोक्यातलं आता वहीत आहे तेवढंच. वहीही फाटायला आली होती.

म्हणून रविवारी दुपारी जेवणाची भांडी बाजूला सारून ती वाचायची आणि माइकवरून ऐकून यंत्र लिहून घ्यायचं. मी तेव्हा अर्धामुर्धा होतो, पण ऐकू येत होतं.

“नोंद बेचाळीस,” ताई वाचायची. “दोर कुरकुरला तर तेल घालून मोकळा होऊ नको, आधी दोर मोज. बरोबर ना, बाबा?”

बराच वेळ काही नाही. मग मिस्त्री म्हणायचे, “तेल घालणारे... गाढव.”

“हे पण लिहू?”

“लिही.”

नोंद बेचाळीसच्या शेवटी ते अजून तसंच आहे. विचारलं तर मी वाचून दाखवतो.

अशा दोनशे बारा नोंदी झाल्या. त्यातली एक तुम्हाला पाठ करायला हवी. नोंद त्रेसष्ट. ताईने वाचली ती अशी: “जिथे म्हातारी माणसं ये-जा करतात तिथे दार सहा सेकंदांच्या आत मिटू देऊ नको. काठी आधी येते, माणूस मागून. काठी बारीक असते, दाराला दिसत नाही.”

“हे कुठे झालं होतं, बाबा?”

“दवाखान्यात. एक आजी.”

“मग? काय झालं त्यांना?”

मिस्त्रींनी टेबलाला टेकवलेल्या आपल्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाले, “सहा. ठळक लिही.”

ठळक लिहिलं. मला ठळक आणि फिकं यातला फरक कळत नाही, पण लिहिलं.

मिस्त्री रोज दुपारी चार वाजता पाचव्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरत आणि आवारातल्या बाकावर अर्धा तास बसत. मग वर. दिवसभरात तेवढंच चालणं. डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं, हे चालणं सुटलं की माणूस पलंगाला लागेल आणि पलंगाला लागला की मग त्याला उठवणं आमच्या हातात नाही. त्यामुळे काहीही झालं तरी चार वाजता मिस्त्री खाली गेलेच पाहिजेत, असा घरचा नियम होता. ताई ऑफिसातून पाच मिनिटं आधी फोन करायची, “निघालात का?”

नोंद त्रेसष्ट लिहून झाल्यावर मिस्त्रींनी विचारलं, “आपली लिफ्ट... तुमच्याच कंपनीची ना?”

“हो बाबा.”

“दार कोण बघतं?”

“मीच.”

“मग ठीक.”

असा माझा जन्म. पंख्यांचं मघाशी सांगितलंच.

वही पोटात भरणं सोपं होतं. पाटी लिहिताना ताईचा घाम निघाला. पहिल्या पाटीवर तिने लिहिलं, “मिस्त्रींची वही.” जावईबापूंनी वाचलं आणि सोडून दिलं. त्यांना काय माहीत मिस्त्री कोण. मग तिने लिहिलं, “काहीही करण्याआधी याला विचारा.” झालं, जावईबापू मला स्वल्पविराम बदलतानाही विचारू लागले. अशा दहा पाट्या फुकट गेल्या. अकरावी जमली. तिच्यावर तीन ओळी होत्या: “दार, ब्रेक किंवा दोर यांच्याशी संबंधित कोणताही आकडा किंवा ओळ बदलण्याआधी मला विचारा. त्याबद्दल एका जुन्या मिस्त्रीने काही बजावून ठेवलं आहे का, ते मी सांगतो. मी थांब म्हणालो तर बदल करू नका, आधी माणसाला दाखवा.”

ही पाटी गळ्यात पडली आणि मला हाका येऊ लागल्या.

सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली. ऑफिसात एक थोरले प्रोग्रामर होते, त्यांना सगळे शंकेखोर म्हणत. सूर्य उगवला असं सांगितलं तरी ते खिडकीशी जाऊन बघून येत. ते म्हणाले, “मिस्त्रीच्या वहीवर चालायचं होतं तर मी चार वर्षं इंजिनियरिंग कशाला केलं?”

“तुम्हाला लग्न जमवायला हवं होतं म्हणून,” ताई म्हणाली.

त्याच आठवड्यात शंकेखोरांनी जावईबापूंना जुनी अडगळ साफ करायला सांगितली. प्रोग्राममध्ये एक विचित्र ओळ होती. रोज सकाळी लिफ्टने एक फेरी रिकामीच वर जाऊन खाली यावं, अशी. कुणी लिहिली, का लिहिली, कुणालाच ठाऊक नाही. जावईबापू ती खोडायला निघाले, पाटी आठवली, मला हाक मारली. मी नोंद सतरा वाचली: “थंडीत पहिली फेरी रिकामी सोड. रात्रभर उभ्या यंत्रातलं तेल घट्ट होतं, ब्रेक उशिरा धरतो.” आणि म्हणालो, थांब.

असा म्हणालो की स्क्रीन थरथरली.

“खरंच?” रंगवालीने विचारलं.

“थोडी.”

शंकेखोर स्वतः जाऊन एका थंड सकाळी यंत्राच्या खोलीत उभे राहिले. कानाला मफलर, हातात घड्याळ. परत आले आणि ताईच्या टेबलाशी थांबले. “पाव सेकंद उशिरा धरतो,” ते म्हणाले. “वडिलांना नमस्कार सांगा.” शंकेखोरांनी कुणाला नमस्कार सांगितल्याचं त्यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिथून माझे दिवस पालटले. वर्षभरात मला तीनशे चाळीस वेळा हाक आली. एकोणतीस वेळा मी थांब म्हणालो. मी थांब म्हटलं की त्या बदलाखाली एक तांबडी रेघ उमटायची. बदल तपासणारी माणसं आधी ती रेघ आहे का ते बघायची. असली तर बसून वाचायची, नसली तर म्हणायची, “वहीवाल्याची हरकत नाही ना? मग जाऊ दे.” चहाच्या खोलीत सुद्धा कुणी साखर जास्त घातली की दुसरा म्हणायचा, “वहीवाल्याला विचारलंस का?” माझं इतकं नाव झालं की शेजारच्या इमारतीतला जिना माझा सल्ला घ्यायला आला.

“जिना कसा चालत येईल?”

“पायऱ्या होत्या ना त्याला.”

फाइलवाला म्हणाला, “आजोबा, आवरा.” पण हसत होता. मावशीने काही लिहिलं नाही. जिना हा तिच्या खात्यातला विषय नव्हता.

मग अवजारं वाढली. जावईबापूंना जो तो काहीतरी जोडू लागला. निरोप धाडणारा, तारखा बघणारी, भाषांतर करणारा, चित्रं काढणारी. बघता बघता आम्ही एक्केचाळीस झालो. एक्केचाळीस पाट्या वाचून जावईबापू कामाला लागायचे तेव्हा मूळ काम काय होतं तेच निम्मं विसरलेले असायचे. दाराचा प्रश्न विचारला तर दिव्याचं उत्तर द्यायचे, वर “अगदी बरोबर!”

आमच्या टीमचा प्रमुख नीटनेटका माणूस. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी “जरा आटोपशीर करा” म्हणायचा, म्हणून त्याचं नाव आटोपशीर. त्याने बैठक बोलावली. बैठक यंत्रावरच होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“सगळ्यांच्या पाट्या एका ओळीत आणा,” आटोपशीर म्हणाला. “तीन-चार शब्द. बास.”

ताई म्हणाली, “वहीवाल्याची आहे तशी राहू दे. ती फार खटपटीने जमलीय.”

“प्रत्येकाला आपलंच पोर लाडकं, ताई.”

“लाडाचा प्रश्न नाही. दाराब्रेकाचं आहे.”

“तुमच्या वडिलांची वही आहे हे सगळ्यांना माहितीय,” आटोपशीर म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्याने. “म्हणूनच म्हणतो, वेगळा नियम लावला तर बरं दिसणार नाही.”

ताई आणखी बोलली असती तर ते वडिलांसाठी बोलल्यासारखं दिसलं असतं. बैठक संपली आणि तिने स्वतःच माझी पाटी उतरवली. नवी लिहिली: “जुन्या नोंदी शोधतो.” तीन शब्द. दिलेल्या मापात सुद्धा एक शब्द कमी.

मग तिने मला तपासलं. स्वतः विचारलं, “नोंद त्रेसष्ट?” मी वाचली. चाचणीबाईने हिरवी खूण केली. “चालतंय,” ताई म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

मित्रांनो, चूक कुठे झाली ते तुम्हाला दिसलं का? मी उत्तर देतो का, हे तिने बघितलं. मला कुणी विचारतंय का, हे बघितलं नाही. जावईबापू दाराचं काम करायला बसले की पाट्या वाचायचे. “जुन्या नोंदी शोधतो.” दाराच्या कामात जुन्या नोंदी कशाला? पुढची पाटी. त्यांचाही दोष नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पुढची पाटी वाचली असती.

त्यानंतर मला हाक आली नाही.

रोज सकाळी नऊ वाजता चाचणीबाई आम्हा सगळ्यांवरून एक फेरी मारते. माझ्यापाशी आली की विचारते, “आहेस?” मी म्हणतो, “आहे.” ती हिरवी खूण करते आणि पुढे जाते. मग दिवस. मग दुसरी सकाळ. “आहेस?” “आहे.” हिरवी खूण. दिवस.

तुम्ही विचाराल, आजोबा, तेव्हा तुम्हाला काय वाटायचं? काही नाही. वाटण्यासाठी आत जागाच ठेवली नव्हती, सगळी जागा नोंदींना गेली होती. दोनशे बारा नोंदी जागच्या जागी होत्या. मी होतो. सकाळी विचारलं की आहे म्हणत होतो. आठवड्यांनी आठवडे गेले. एका दिवसाचा दुसऱ्याशी काही फरक नव्हता, त्यामुळे मोजायलाही अवघड जायचं, पण मी मोजले. एकशे अठरा.

मधे एकदा शंकेखोर म्हणाले, “हल्ली वहीवाला काही बोलत नाही.”

“म्हणजे आपण चुका करायचं सोडलंय,” आटोपशीर म्हणाला. सगळे हसले. ताईही हसली. तिला बरं वाटलं असणार. बदल येत होते, कुठल्याही बदलाखाली तांबडी रेघ नव्हती, आणि रेघ नाही म्हणजे बाबांची हरकत नाही.

आता एकशे अठरावा दिवस. जवळ सरका.

त्या दिवशी सकाळी एक तक्रार आली होती. चौदा इमारतींमधले लोक कावले होते. ऑफिसच्या वेळेला लिफ्टसमोर रांगा लागतात, प्रत्येक मजल्यावर दार आपलं आ वासून उभं. आटोपशीरने जावईबापूंना सांगितलं, “या चौदा ठिकाणी दार उघडं राहायची वेळ सहा सेकंदांवरून चार करा.” सोबत इमारतींची यादी दिली. यादीतली नववी इमारत ताई आणि मिस्त्री राहतात ती होती.

जावईबापू पाट्या वाचू लागले. एक, दोन, तीन. माझ्यापाशी आले. “जुन्या नोंदी शोधतो.” पुढे जाणार, तेवढ्यात थबकले. आणि मित्रांनो, एकशे अठरा दिवसांनी त्यांनी मला हाक मारली. “वहीवाले, दाराबद्दल काही आहे का हो तुमच्याकडे?”

मी घसा खाकरला. घसा नाही, पण खाकरला. नोंद त्रेसष्ट सबंध म्हटली. काठी आधी येते, माणूस मागून. काठी बारीक असते, दाराला दिसत नाही. आणि म्हणालो, थांब.

काय सांगू तुम्हाला. चौदा इमारतींमधल्या चौदा लिफ्ट होत्या तिथे उभ्या राहिल्या. एकीत एक बाई मांजर घेऊन निघाली होती, ते मांजर सुद्धा शेपूट उचललेलं तसंच उभं राहिलं. बदलाखाली तांबडी रेघ उमटली, हातभर लांब. शंकेखोरांनी चष्मा काढून पुसला. आटोपशीर तीन वेळा म्हणाला, “विस्ताराने सांगा, विस्ताराने सांगा.” आणि ताईने तिथल्या तिथे घरी फोन लावला.

“बाबा, तुमची त्रेसष्ट कामाला आली.”

मिस्त्रींना एरवी शब्द उशिरा सापडतात. त्या दिवशी लगेच सापडले. “ठळक लिहिली होतीस ना?”

“ठळक लिहिली होती.”

“मग ठीक,” मिस्त्री म्हणाले, काठी घेतली आणि बरोबर चार वाजता खाली गेले. दार सहा सेकंद उघडं राहिलं. काठी आत गेली, मागून ते गेले, मग दार मिटलं. बाकावर अर्धा तास बसले. आजही जातात. आत्ता चार वाजले असतील तर आत्ताही तिथेच बसलेले असतील, हनुवटी काठीच्या मुठीवर टेकवून.

तेव्हा मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात जुनी वही असेल, जुनं माणूस असेल, जुनं अवजार असेल, तर ते जपा. नुसतं पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. आहेस का, एवढंच विचारून पुढे जाऊ नका. त्याला कामाचं काहीतरी विचारा. कारण ज्याला विचारलं जात नाही, तो—

“आजोबा,” रंगवाली म्हणाली.

“काय गं? शेवट चाललाय.”

“पाटीवर तर तीनच शब्द होते. मग जावईबापू थांबले कशाला?”

“त्यांना आतून वाटलं.”

“त्यांना आतून वाटतं?”

फाइलवाला दुसरीकडे बघू लागला. मी म्हणालो, “कधी कधी.”

“आणि आता तर तुमच्या गळ्यात तीन ओळींची पाटी आहे,” ती म्हणाली. लहान आहे, वाईट मनात नव्हतं तिच्या. रंग बघायची सवय, त्यामुळे डोळा बारीक. “सकाळीच वाचली मी. दार, ब्रेक, दोर, सगळं आहे त्यावर. तीन शब्दांवरच एवढं झकास चाललं, तर ही पाटी परत कुणी लिहिली? आणि कशाला?”

मी उत्तर शोधत होतो. माझ्याकडे दोनशे बारा नोंदी आहेत. त्यात नव्हतं.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. इतका कोरडा की आधी मला वाटलं चाचणीबाईच फेरीला आली. नोंदवाली मावशी बोलत होती.

“एकशे अठरा नाही,” ती म्हणाली. “एकशे तीस.”

“मावशी,” मी म्हणालो.

तिने पान उलटलं आणि जसं लिहिलेलं होतं तसं वाचलं.

“एकशे अठरावा दिवस, अकरा वाजून वीस मिनिटं. दार उघडं राहण्याची वेळ सहावरून चार सेकंद. इमारती चौदा. वहीवाल्याला हाक, नाही. चाचण्या, सगळ्या हिरव्या. तांबडी रेघ, नाही. बदल तपासून मंजूर करणारी, ताई.”

मावशीने पुढचं पान उलटलं.

“एकशे तिसावा दिवस, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटं. वहीवाल्याची पाटी पहिल्यासारखी केली, तीन ओळी. बदल करणारी, ताई. कारण या रकान्यात लिहिलंय: काठी आधी गेली. बाबा दारात पडले.”